गावाकडचे पदवीधर आणि मुंबईतली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी परळमधल्या एका खोलीत आम्ही पाच-सहा जण बसतो. समोर नुकतीच पदवी घेतलेली मुलं-मुली असतात. कुणी लातूर एक्सप्रेसने उतरून थेट आलेलं, कुणी कसाऱ्याहून, कुणी मागच्याच गल्लीतल्या चाळीतलं. बायोडेटा तपासायचा, मुलाखतीचा सराव घ्यायचा, ऑफर लेटर समोर ठेवून ओळ न् ओळ वाचायची, एवढं आमचं काम. आम्ही बहुतेक जण स्वतः गावाकडूनच आलो आहोत. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले.

१. गावात वाढल्यामुळे मुंबईत नोकरी मिळायला खरंच अडचण येते, की हा आमच्याच मनातला न्यूनगंड आहे?

अडचण येते. ती मनातली नाही. पण मुलांना वाटतं ती हुशारीची आणि इंग्रजीची असते, आणि आमचा अनुभव वेगळा आहे. गावाकडच्या पदवीधराला तीन गोष्टी कमी पडतात: माहिती, ओळख आणि थांबण्याची ऐपत. यातली तिसरी सगळ्यांत महाग पडते.

समजा मुलुंडचा एक मुलगा आणि अहमदपूरचा एक मुलगा, दोघे बी.कॉम., गुण सारखे. दोघांना पहिली ऑफर तेरा हजारांची येते. मुलुंडचा मुलगा नाही म्हणतो. त्याला घरी दोन वेळचं ताट आहे, झोपायला जागा आहे, चार महिने गेले तरी फक्त आईची बोलणी खावी लागतात. पाचव्या महिन्यात त्याला बावीस हजारांची नोकरी मिळते. अहमदपूरचा मुलगा कॉटचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि खानावळीचं बिल मोजत असतो. तो तेरा हजारांना हो म्हणतो आणि पुढची दोन वर्षं त्याच आकड्यावरून त्याचा पुढचा पगार ठरतो. तुलना करताना मग लोक म्हणतात, शहरातली मुलं स्मार्ट असतात.

गिरणगावाने हा प्रश्न एका वेगळ्या रीतीने सोडवला होता. सातारा, रत्नागिरीहून आलेला माणूस गावमंडळाच्या खोलीत वळकटी टाकायचा, खानावळीत उधारीवर जेवायचा, आणि गिरणीत बदली कामगार म्हणून उभं राहायला त्याला महिनेच्या महिने मिळायचे. थांबण्याचा खर्च गाव वाटून घ्यायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि हळूहळू ती सोयही आटत गेली. आजच्या पदवीधरापाशी तसं काही नाही. म्हणूनच या पानावर पैशांबद्दलची उत्तरं सविस्तर आहेत (प्रश्न ७ आणि ८).

२. आमचं तालुक्याचं ठिकाण आहे, कॉलेज आहे, मॉल पण झालाय. आम्ही ग्रामीण की शहरी?

जनगणनेच्या व्याख्येने कदाचित शहरी. नोकरीच्या बाजारात मात्र प्रश्न एवढाच असतो की तुमच्या ओळखीत ऑफिसात काम करणारे किती जण आहेत. इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर) डॉक्टरांच्या मुलीला ज्या अडचणी येत नाहीत त्या मुंबईतल्याच मानखुर्दच्या झोपडपट्टीतल्या मुलाला येतात (प्रश्न १२ पाहा).

३. सगळं येतं, पण इंग्रजी बोलता येत नाही. याने किती फरक पडतो?

फरक पडतो. तीन अर्थतज्ज्ञांनी २००५ च्या एका देशव्यापी सर्वेक्षणावरून काढलेला निष्कर्ष असा होता की, शिक्षण, वय वगैरे जमेस धरूनही सफाईने इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची ताशी कमाई अजिबात न बोलणाऱ्यांपेक्षा साधारण ३४ टक्क्यांनी जास्त होती. आणि थोडंफार बोलणाऱ्यांची? १३ टक्क्यांनी. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. मोडकंतोडकं बोलण्यालाही किंमत आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पदवी घेणाऱ्या मुलाने ते पंधरा वर्षं शिकलेलं असतं. वाचता येतं, समजतं, पण तोंडातून निघत नाही, कारण शाळेत इंग्रजीचा धडासुद्धा मराठीतून समजावला गेला. पाच हजारांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावण्याआधी एक करून बघा. रोज वीस मिनिटं मोठ्याने बोला, आणि विषय फक्त तुमच्या माहितीचे घ्या: आमची विहीर, आमचं कॉलेज, मी काल काय केलं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ ही सुरुवात आजच सोडा, ‘आय ॲम’ म्हणा. पाठ केलेला परिच्छेद पहिल्या वाक्यातच ओळखू येतो, आणि मध्ये कुणी अडवलं की मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ते बघून आम्हालाच कसंनुसं होतं.

आणखी एक. इंग्रजीची धास्ती सगळे घेतात, हिंदीकडे कुणी बघत नाही. मुंबईतल्या बऱ्याच ऑफिसांत दिवसभर हिंदीच चालते. मुलाखत घेणारेही मध्येच हिंदीवर येतात. गावाकडच्या मुलांची हिंदी सिनेमा पाहून समजण्यापुरती असते, बोलताना अडखळते. तिचाही सराव हवा.

बोलीचा सूर बदलायची गरज नाही. शब्द स्पष्ट, वेग कमी, आणि समजलं नाही तर ‘पुन्हा सांगाल का?’ असं सरळ विचारा.

४. बायोडेटात मराठी माध्यम लपवू का?

नको. बायोडेटात शाळेचं माध्यम लिहायची सक्ती कुठेच नसते, त्यामुळे न लिहिणं म्हणजे लपवणं नाही. विचारलं तर खरं सांगा. भाषांच्या यादीत मराठी पहिली लिहा. ग्राहकांशी मराठीतून बोलणारा माणूस बँका, विमा, रुग्णालयं सगळ्यांनाच हवा असतो.

५. माझ्याकडे अनुभव काहीच नाही. पदवीनंतर दीड वर्ष घरची शेती केली. हा गॅप कसा दाखवू?

‘काहीच नाही’ हे शब्द आम्ही दर रविवारी ऐकतो आणि दर वेळी ते चुकीचे ठरतात.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला. सोलापूर जिल्ह्यातला, बी.कॉम., ५८ टक्के. बायोडेटा एका पानाचा, त्यात अर्धं पान वैयक्तिक माहिती आणि खाली ‘छंद: क्रिकेट खेळणे’. आम्ही विचारलं, दीड वर्ष काय केलंस? म्हणाला, शेती आणि डेअरी. डेअरी म्हणजे? गावातलं दूध संकलन केंद्र. पहाटे साडेपाचला उघडायचं, प्रत्येकाच्या किटलीतलं नमुन्याचं दूध मशीनला लावायचं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) बघायचं, पावती फाडायची. दर दहा दिवसांनी सव्वाशे शेतकऱ्यांची बिलं काढायची, पशुखाद्याची उचल वजा करायची, रक्कम खात्यावर टाकायची. फॅट कमी लागलं म्हणून भांडायला आलेल्या म्हाताऱ्यांना समजावून परत पाठवायचं. हे त्याने दीड वर्ष, दिवसातून दोनदा, एकही खाडा न करता केलं होतं. आणि बायोडेटात क्रिकेट.

आम्ही लिहून घेतलं: दैनंदिन संकलन नोंदी, १२५ खातेदारांची दशदिवसीय बिलं, कपाती, तक्रार निवारण. तीन आठवड्यांनी तो भिवंडीतल्या एका गोदामात इन्व्हेंटरी सहायक म्हणून लागला.

तुम्हीही तसंच करा. मळणीची मजुरी कोण वाटायचं? बचत गटाची वही कोण लिहायचं? सरपंचांचे ऑनलाइन अर्ज कोण भरायचं? गॅपला ‘घरच्या शेतीचं व्यवस्थापन’ असं नाव द्या आणि खाली आकडे लिहा: एकर, मजूर, हिशेब. मात्र जे केलं नाही ते लिहू नका. पहिल्या उलटप्रश्नाला ते उघडं पडतं.

६. गावचा पत्ता टाकला की फोनच येत नाहीत. मुंबईतल्या मामाचा पत्ता टाकू का?

भरती करणाऱ्याला भीती एकच असते: हा येईल का, आणि कधी? खोटा पत्ता टाकण्यापेक्षा बायोडेटाच्या वरच्याच ओळीत लिहा: ‘मुंबईत राहण्याची सोय आहे, सात दिवसांत रुजू होऊ शकतो.’ मामा खरंच ठेवून घेणार असतील तर त्यांचा पत्ता ‘सध्याचा पत्ता’ म्हणून द्यायला हरकत नाही, पण आधी मामींना विचारा.

रेंजचा प्रश्न याहून मोठा. शेतात असताना आलेला अनोळखी नंबर उचलला जात नाही आणि पुन्हा येत नाही. अर्ज सुरू असतील त्या दिवसांत मिस्ड कॉलला तासाभरात उलट फोन करा आणि ईमेल दिवसातून दोनदा बघा. व्हॉट्सॲपवर सगळं कळेल या भरवशावर राहू नका. ऑनलाइन मुलाखत असेल तर लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून तालुक्याला कुणाच्या तरी ऑफिसात बसा.

७. नोकरी शोधायला मुंबईत यायचं तर किती पैसे लागतात आणि किती दिवस थांबावं?

आधी येऊ नका. आधी अर्ज करा, फोनवरच्या फेऱ्या गावातूनच द्या, आणि तीन-चार मुलाखती एका आठवड्यात बसवून मग या. विदर्भ एक्सप्रेस, महालक्ष्मी, तुतारी, कोणत्याही गाडीने रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी अकराची मुलाखत ठरवू नका. आदल्या दिवशी या, ऑफिसचा रस्ता एकदा चालून बघा.

राहायचं असेल तर कॉट बेसिस सगळ्यांत स्वस्त. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण. मुलाखतीचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलावं लागतं, शेजारच्या घरातला टीव्ही चालूच असतो. हे आधी माहीत असलेलं बरं. नातेवाइकांकडे राहत असाल तर किती दिवस ते पहिल्याच दिवशी सांगा आणि भाजी-दुधाला हातभार लावा. संबंध बिघडले की शहरातलं एकमेव घर जातं.

जागा ऑफिसच्या लाइनवर घ्या. ऐरोली, घणसोलीत काम असेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर आहे. अंधेरीला काम आणि राहणं डोंबिवलीत असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो. नकाशावर जवळ दिसणारं गाव गर्दीच्या वेळी दोन तास घेतं.

मुदत नव्वद दिवसांची ठरवा आणि तेवढ्याचे पैसे, परतीच्या तिकिटासकट, हाताशी ठेवा. पंचेचाळीस दिवस चांगल्या नोकरीसाठी. त्यानंतर पोटापुरतं काम धरून शोध चालू ठेवायचा, पण ते काम दुपारपर्यंत संपणारं असावं, नाहीतर मुलाखतीला जाणार कधी? नव्वद दिवसांत नाही जमलं तर गावी परत जाणं ही हार नाही. तिथूनही अर्ज करता येतात.

८. वर्षाला २ लाख ४० हजारांचं पॅकेज म्हणतात. म्हणजे महिना वीस हजार ना?

नाही. ते सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. मूळ वेतन १२ हजार धरू. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, कंपनी पीएफमध्ये भरते आणि तेही या वीस हजारांतलेच धरते. तेवढेच तुमच्या पगारातून कापले जातात. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद पावणेसहाशेच्या आसपास. पगार २१ हजारांपर्यंत असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतो: तुमचे पाऊण टक्का, कंपनीचे सव्वातीन टक्के. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० (२५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ). हातात येतात साधारण साडेपंधरा हजार.

हो म्हणावं का? विचार करताना एकच हिशेब घाला: भाडं, खानावळ, पास आणि फोन वजा जाता महिन्याला हजार-दोन हजार उरतात का? उरत असतील आणि काम शिकण्यासारखं असेल तर घ्या. घरी पाठवायला वर्षभर काही उरणार नाही हेही घरच्यांना आधीच सांगा. उरत नसेल तर ती नोकरी तुमचे वडील चालवणार आहेत. पीएफ न कापणारी, रोख पगार देणारी जागा जास्त आकडा सांगत असली तरी जपून. पुढच्या नोकरीत अनुभवाचा पुरावा मागतात, आणि पगाराच्या पावत्या व पीएफचा क्रमांक हाच पुरावा असतो.

९. पगाराची नोकरी मिळेपर्यंत सरकारी प्रशिक्षण योजना उपयोगाची आहे का?

थांबण्याचा खर्च थोडा तरी भरून निघतो, म्हणून आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पदवीधरांना महिना १० हजार रुपये विद्यावेतन ठेवलं होतं, वयाची अट १८ ते ३५. नोंदणी महास्वयं पोर्टलवर. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ खाली मोठ्या कंपन्यांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि २०१९ च्या नियमांनी पदवीधरांचं विद्यावेतन किमान ९ हजार केलं. पुढे कायम करण्याची हमी यातली कोणतीच योजना देत नाही. प्रशिक्षण संपल्यावरचं प्रमाणपत्र मात्र हट्टाने मागून घ्या.

१०. गावात वाढल्याचा कुठे फायदा होतो का?

होतो, आणि मुलं तिकडे अर्जच करत नाहीत. ट्रॅक्टर, बियाणं, खतं, सिंचनाच्या कंपन्यांची मुख्यालयं किंवा मोठी कार्यालयं मुंबईत असली तरी त्यांचा माल विकला जातो गावात. गृहकर्ज, सोनेतारण, सूक्ष्म वित्त, पीक विमा, सगळ्यांना सातबारा आणि फेरफार वाचता येणारा माणूस लागतो. शहरात वाढलेल्या मुलाला आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) म्हणजे काय हे महिनाभर शिकवावं लागतं. तुम्ही तलाठी कार्यालयात वडिलांबरोबर दहा वेळा गेलेले असता.

नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथल्या अधिकारी परीक्षेत कृषी आणि ग्रामविकास हा स्वतंत्र विषयच आहे. सार्वजनिक बँका कृषी अधिकारी वेगळे भरतात, पण त्याला कृषी किंवा संलग्न पदवी लागते. शिवाय कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामावर जाणारा माणूस गावात बसून बोलू शकणारा हवा असतो.

११. मुलींसाठी वेगळं काय? घरचे मुंबईला पाठवायला तयार नाहीत.

मुलाला घरचे ‘बघ जाऊन’ म्हणतात. मुलीला राहण्याचा पत्ता, सोबत आणि परतीची वेळ आधी सिद्ध करावी लागते. म्हणून क्रम उलटा करा: आधी वसतिगृह, मग अर्ज. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत जागा कमी आणि रांग मोठी, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी नाव लावून ठेवा. वडिलांना एकदा सोबत आणा. ऑफिस, वसतिगृह, मधलं स्टेशन त्यांना दाखवा. आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या वडिलांनी लोकलचा महिलांचा डबा बाहेरून बघितला, गाडी सुटेपर्यंत बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘जमंल.’

रात्रपाळी असेल तर घरपोच गाडी आहे का हे ऑफर लेटरमध्ये लेखी मागा. हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

१२. मी मुंबईतच वाढलो, पण झोपडपट्टीत. मला शहरी असल्याचा फायदा का मिळत नाही?

अर्धा मिळतो. राहण्याचा खर्च नाही, लोकल तोंडपाठ, हिंदी सफाईदार. ओळख मात्र तुमच्याकडेही नसते. दादरमधल्या शाळांवर झालेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला मुन्शी आणि रोझेन्झ्वाइग या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास याच शहराबद्दल होता. कष्टकरी जातींतल्या मुलग्यांना कामं नात्यागोत्यातून, गिरणी-कारखान्यांत मिळत आली होती, म्हणून इंग्रजीचा मोबदला वाढल्यावरही मुलगे मराठी माध्यमाकडेच वळत राहिले. त्यांच्या बहिणींसाठी तशी साखळी नव्हती, म्हणून त्या इंग्रजीकडे वेगाने गेल्या. वडिलांची ओळख ज्या कामाची, मुलाला काम त्याच तऱ्हेचं सापडतं. ही साखळी तोडायला कॉलेजातले दोन वर्षं पुढचे विद्यार्थी सगळ्यांत उपयोगी. त्यांना नोकरी मागू नका. त्यांच्या ऑफिसात भरती कशी होते तेवढं विचारा.

१३. आडनावावरून, गावावरून भेदभाव होतो का? ‘घरी कोण काय करतं’ असं का विचारतात?

होतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच सुमारास भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ला ते किती वजन देतात हे दिसलं. उमेदवाराला एकट्याला याचं काही करता येत नाही आणि दोष त्याचा नाहीही. मुलाखतीत हा प्रश्न आला तर एका वाक्यात, ताठ मानेने उत्तर द्या: ‘वडील शेतमजूर आहेत, मी घरातला पहिला पदवीधर.’ मग लगेच कामावर या.

१४. कन्सल्टन्सीवाले नोकरीसाठी पैसे मागतात, कंपनी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेते म्हणते. द्यावीत का?

पैसे देऊ नका. प्रशिक्षण फी, गणवेश, फाइल चार्ज, नाव काहीही असो. मूळ कागद दाखवायचे, सोडून यायचे नाहीत. बॉन्डचं, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचं, मात्र वेगळं आहे. ‘बॉन्डला काही अर्थ नसतो’ असं मित्र सांगतात, ते धरून चालू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांआत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचा.

१५. त्यापेक्षा स्पर्धा परीक्षाच द्यावी का?

द्या, पण वर्ष आधी ठरवून. सरकारी बँकांची लिपिक परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तिथे राज्याची भाषा येणं ही अटच आहे. तिथे माध्यमाचा तोटा बराच कमी होतो. चार-पाच प्रयत्नांनंतर खासगीकडे आलात तर तो काळ बायोडेटात रिकामा दिसतो. म्हणून अभ्यासासोबत अर्धवेळ का होईना काही करत राहा (प्रश्न ५).

१६. उलटा प्रश्न: मी दादरला वाढले, बँकेत लागले, पोस्टिंग गडचिरोलीला. तिथे मी कच्ची पडेन का?

पहिले सहा महिने पडाल. समोरचा माणूस कर्जाचं बोलण्याआधी पावसाचं बोलेल, तेव्हा घड्याळ बघू नका. बोली समजेपर्यंत शाखेतल्या शिपायाला शेजारी बसवा, त्याला प्रत्येक खातेदाराचं घर माहीत असतं. आणि खोली शाखेच्या गावातच घ्या.